डॉक्टरांना घरी बोलवायचंय? मग तयारी आजारपणाच्या आधी करा

माझी आई सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते. वय ८४, पायऱ्या ३८, लिफ्ट नाही. वर्षातून तीन-चार वेळा तिच्यासाठी डॉक्टरांना घरी बोलवावं लागतं, एरवी मी दवाखान्यात नंबर लावून तिला घेऊन जातो. मी राहतो कोथरूडला, म्हणजे निम्मा कारभार फोनवर. या कामात करता येण्यासारख्या बहुतेक चुका करून झाल्या आहेत. तेव्हा अनुभवातून सांगतो: घरी येणारे डॉक्टर ऐन वेळी मिळत नाहीत, ते आधीच मिळवून ठेवावे लागतात.

आधी डॉक्टर ठरवा, तेही बरं असताना

घरच्या म्हाताऱ्या माणसासाठी फॅमिली डॉक्टर निवडताना पहिला निकष अंतराचा. कितीही नावाजलेले डॉक्टर असोत, ते औंधात आणि तुम्ही धनकवडीत असाल तर ते येणार नाहीत, आणि यात त्यांचा काही दोष नाही. दवाखान्यातून चालत किंवा दुचाकीवर दहा मिनिटांत घर गाठता येईल असेच डॉक्टर शोधा. पेठांमध्ये तर दुचाकीवर येणारेच बघा. चारचाकीतून येणाऱ्यांचा वेळ तुमच्या आईला तपासण्यापेक्षा पार्किंग शोधण्यात जास्त जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे पदवी. आपल्याकडे गल्लीतल्या दवाखान्यात एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस असे सगळे बसतात आणि तिघांनाही लोक ‘फॅमिली डॉक्टर’च म्हणतात. बोर्डावर पदवीबरोबर नोंदणी क्रमांक असतो, तो बघा. एमबीबीएसची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, आयुर्वेदाची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आणि होमिओपॅथीची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ होमिओपॅथीकडे असते. आपल्या माणसाला हृदय, किडनी, मधुमेह असं काही असेल तर त्या औषधांची रोजची सवय असलेले डॉक्टर हवेत, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

मग एकदा, कोणी आजारी नसताना, पेशंटला घेऊन दवाखान्यात जा. काही झालेलं नसताना तपासणीची फी द्यायची ही कल्पना पुणेरी मनाला झेपत नाही, मला ठाऊक आहे. तरी जा. जुनी फाईल दाखवा, केसपेपर काढून घ्या आणि निघताना थेट विचारा: गरज पडली तर घरी याल का? कोणत्या वेळी? व्हिजिटची फी किती? रात्री फोन करायचा झाला तर कोणत्या नंबरवर? तुम्ही गावाला गेलात तर मागे कोण बघतं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. मे महिन्यात आणि दिवाळीत तेच कामी येतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी? तर २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार डॉक्टरांवर मागेल त्या प्रत्येकाला उपचार देण्याचं बंधन नाही. तातडीच्या प्रसंगी मात्र त्यांनी प्रतिसाद द्यायला हवा. म्हणजे ज्यांनी तुमच्या आईला कधी पाहिलेलंच नाही अशा डॉक्टरांनी रात्री साडेनऊला ‘येणं जमणार नाही, हॉस्पिटलला न्या’ म्हटलं, तर चिडण्यात अर्थ नाही. अनोळखी घर, अनोळखी पेशंट, मागचे कागद नाहीत. त्यांच्या जागी आपणही हेच म्हटलं असतं.

नंबर लावणं

दवाखान्यांच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली, येईल तसा नंबर: वहीत नाव लिहा आणि बसा. दुसरी, फोनवर नंबर: सकाळी ठरावीक वेळेला फोन केला की कंपाउंडर किंवा रिसेप्शनवरच्या ताई आकडा सांगतात. तिसरी, ॲपवर वेळ घ्यायची. ॲपवरची सव्वासातची वेळ म्हणजे सव्वासात असं समजू नका. तो साधारण अंदाज असतो. फोनवर आकडा मिळाला असेल तर निघण्याआधी पुन्हा फोन करून ‘आता कितवा नंबर चालू आहे?’ एवढं विचारा. म्हातारं माणूस तासभर बाकावर बसण्यापेक्षा घरी खुर्चीत बसलेलं बरं.

वेळा साधारण सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ. दुपारी एक ते चारवरचे विनोद सगळ्यांनी ऐकलेले आहेत, पण त्याच वेळेत बरेच डॉक्टर व्हिजिटा करतात हे लक्षात असू द्या. पुढे उपयोगी पडेल. सोमवारची सकाळ टाळा, रविवारी साचलेले सगळे तेव्हा येतात. संध्याकाळी सात ते साडेआठ ऑफिसातून परतणाऱ्यांची गर्दी असते. नुसतं बीपी बघायचं, औषधांची चिठ्ठी नवी करून घ्यायची, रिपोर्ट दाखवायचे अशी कामं मंगळवार ते गुरुवार, सकाळच्या सत्राच्या सुरुवातीला उरकावीत. पावसाळ्यात, विशेषतः जुलै ते ऑक्टोबर, तापाचे पेशंट इतके असतात की असल्या कामांसाठी गेलात तर दोन तास जातात आणि शेजारी खोकणाऱ्याचा ताप फुकट मिळतो.

दोन पेशंट असतील तर दोन नंबर लावा. ‘जाता जाता हिचंही बघा ना’ या वाक्याने मागे बसलेल्या दहा जणांचे शाप लागतात आणि डॉक्टरही घाईत बघतात. जायचं रद्द झालं तर कळवा. आणि कंपाउंडरशी नीट बोला. डॉक्टरांना ‘अहो-जाहो’ आणि त्याला ‘ए’ असं करणारी माणसं मी पाहिली आहेत. फोन उचलणारा तोच असतो आणि कोणाचा निरोप आत लगेच द्यायचा हेही तोच ठरवतो.

फोनवरचं पहिलं वाक्य

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आईला जुलाब होत होते. मी दवाखान्यात फोन करून म्हणालो, ‘आईला जरा बरं वाटत नाहीये, डॉक्टर येऊ शकतील का?’ पलीकडून उत्तर आलं, ‘संध्याकाळी साडेसातला घेऊन या, बारावा नंबर.’ त्यात चूक काहीच नव्हतं. ‘जरा बरं नाही’ म्हणणाऱ्याला बारावा नंबरच मिळणार. आई सकाळपासून लघवीलाही गेली नव्हती, हे मी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या प्रहरी शेजारच्या काकूंनी बघितलं तेव्हा तिची जीभ कोरडी पडली होती आणि ती बोलताना अडखळत होती. सलाईनसाठी ॲडमिट करावं लागलं.

तेव्हापासून फोन करण्याआधी मी कागदावर चार ओळी लिहितो. आता असं बोलतो:

‘नमस्कार, मी अमुक आजींचा मुलगा, तुमच्याकडचाच पेशंट. वय ८४, बीपी आणि शुगर आहे. काल रात्रीपासून ताप, आत्ता १०१. सकाळपासून फक्त अर्धा कप चहा घेतलाय, लघवी एकदाच झालीये. बोलतायत नीट, पण उठून उभं राहता येत नाहीये, त्यामुळे जिना उतरवणं शक्य नाही. डॉक्टरांना विचाराल का, दुपारी येता येईल का?’

यात क्रम महत्त्वाचा आहे. कोण, वय, आधीचे आजार. मग काय होतंय आणि कधीपासून. मग आकडे: ताप, बीपी, शुगर, ऑक्सिजन, जे घरी मोजता येतं ते. खाणं-पिणं, लघवी, शुद्ध. आणि शेवटी, दवाखान्यात आणणं का जमत नाही याचं खरं कारण. ‘रिक्षा मिळत नाही’ हे कारण नव्हे.

घरात तापमापक, हाताला पट्टा बांधायचं बीपीचं यंत्र आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असू द्या. मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरही. कशात सेल संपलेत ते महिन्यातून एकदा बघा. आमच्याकडे तापमापक नेहमी गरजेच्या दिवशीच संपावर जातो.

कधी कधी डॉक्टर म्हणतात, व्हिडिओ कॉल करा. करा. २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊन चिठ्ठी पाठवू शकतात. पण मर्यादा आहेत. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या फोनवर लिहून देता येत नाहीत, तेव्हा त्यासाठी डॉक्टरांना भरीस घालू नका. व्हिडिओच्या वेळी पेशंटचं तोंड खिडकीकडे करा आणि फोन दुसऱ्या कोणाला तरी धरू द्या.

घरी बोलवायचं नाही असे प्रसंग

हे आधी वाचून ठेवा, कारण त्या वेळी वाचायला कोणी बसत नाही. छातीत दुखून घाम फुटणं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय गळून जाणं, बोबडी वळणं. धाप लागून वाक्य पुरं न होणं. शुद्ध हरपणं, झटके येणं. न थांबणारं रक्त. पडल्यावर पाय टेकवताच न येणं. यात फॅमिली डॉक्टरांची वाट बघण्यात वेळ जातो आणि ते आले तरी ‘हॉस्पिटलला न्या’ एवढंच म्हणणार. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं होतं, ती वेळ घड्याळात बघून सांगा.

आणखी एक, पुणेकरांनी विसरू नये असं: २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गिया-बारे सिंड्रोमची साथ आली होती. जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागला तर तो ‘थकवा’ समजून घरी झोपवून ठेवू नका.

अशा वेळी १०८. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, ती मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२. फोनवर पत्ता सांगताना चौक आणि खूण सांगा. ‘भिकारदास मारुतीच्या पलीकडे’ हे आपल्याला कळतं, कंट्रोल रूममधल्या माणसाला कळेलच असं नाही. रस्त्याचं नाव, इमारतीचं नाव, मजला आणि लिफ्ट आहे की नाही हे सांगा. लिफ्ट नसेल तर स्ट्रेचर जिन्यात वळत नाही. त्यामुळे एक मजबूत, हातांची खुर्ची आणि खालच्या दुकानातली दोन माणसं हाताशी ठेवा.

व्हिजिट कशी मागायची

फोन सकाळी अकराच्या आत करा. डॉक्टर दुपारच्या फेरीत तुम्हाला बसवू शकतात. रात्री नऊनंतर, दवाखाना बंद करून घरी जाताना, हीसुद्धा त्यांची एक वेळ असते. सत्र चालू असताना, बाहेर पंधरा माणसं बसलेली असताना ‘आत्ताच या’ म्हणणं म्हणजे नकार मागून घेणं.

कोणासाठी मागावी? अंथरुणाला खिळलेले, नुकतं ऑपरेशन झालेले, खुब्याचं हाड मोडलेले, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातले, गर्दीत नेलं की बिथरणारे स्मृतिभ्रंशाचे पेशंट. पस्तिशीच्या मुलाला ताप आलाय म्हणून नाही. आणि घरी काय होणार नाही हेही समजून घ्या: डॉक्टर तपासतील, चिठ्ठी लिहितील, फार तर इंजेक्शन देतील. पहिल्यांदाच द्यायचं इंजेक्शन किंवा सलाईन घरी लावायला ते नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. रिॲक्शन आली तर हाताशी काही नसतं, म्हणून ते नाही म्हणतात.

फीबद्दल संकोच नको. ‘व्हिजिटचे किती होतील, म्हणजे तयार ठेवतो’ असं विचारलं की दोघांचीही अडचण मिटते. ती दवाखान्यातल्या फीच्या काही पट असणार. त्यांच्या जाण्या-येण्याच्या वेळात आणखी चार पेशंट झाले असते.

ॲपवरून किंवा एजन्सीकडून डॉक्टर पाठवणाऱ्या सेवाही आहेत. परदेशात राहणाऱ्या मुलांना त्या सोयीच्या वाटतात. हरकत नाही, पण दर वेळी नवा माणूस येतो. नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, आणि त्याने लिहिलेली चिठ्ठी नेहमीच्या डॉक्टरांना फोटो काढून पाठवा.

डॉक्टर येण्याआधीचा अर्धा तास

सोसायटी असेल तर वॉचमनला सांगा, गेटच्या ॲपवर आधीच नोंद करा. डॉक्टरांना गेटवर उभं करून ‘कोणाकडे? फ्लॅट नंबर?’ असं विचारण्याचा प्रकार एकदा आमच्या कोथरूडच्या सोसायटीत झाला आहे. मला आजही लाज वाटते. लोकेशन पाठवा आणि एका माणसाला खाली उभं करा. जुन्या इमारतीत जिन्याचा दिवा लागतो का ते बघा.

पेशंटच्या पलंगाच्या एका बाजूला उभं राहायला जागा, एक खुर्ची, चांगला दिवा. टीव्ही बंद. कुत्रा दुसऱ्या खोलीत. अंगात पुढून उघडणारा, सैल कपडा; स्वेटरवर स्वेटर असतील तर छाती तपासायला पाच मिनिटं नुसती सोलण्यात जातात. हात धुवायला साबण आणि धुतलेला टॉवेल. आणि एका ताटात चालू असलेली सगळी औषधं, पट्ट्यांसकट. ‘ती पांढरी छोटी गोळी’ असं सांगितल्यावर जगातला कोणताही डॉक्टर ओळखू शकत नाही. त्याच ताटात आयुर्वेदिक चूर्ण, मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेली दुखीची गोळी आणि शेजारणीने दिलेलं जे काही असेल तेही ठेवा. पावसाळ्यात तापाबरोबर दुखीची कोणती गोळी घेतली हे डॉक्टरांना कळायलाच हवं, कारण डेंगी असेल तर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फाईलमध्ये सगळ्यात वर शेवटचं डिस्चार्ज कार्ड, मग अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, मग ईसीजी. कशाची ॲलर्जी असेल तर ती फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने.

ते घरात असताना

बोलायला एकच माणूस, आणि तोही रात्री पेशंटजवळ होता तो. अमेरिकेतल्या भावाला त्याच वेळी व्हिडिओवर आणू नका. पेशंटला आधी बोलू द्या. आपल्याकडे प्रश्न आजीला विचारला तरी उत्तर सून देते. आजींना काही खासगी सांगायचं असेल तर दोन मिनिटं खोलीबाहेर जा. लघवीचा किंवा शौचाचा त्रास मुलासमोर सांगायला त्यांना जड जातं.

निघण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: कोणती औषधं बंद, कोणती नवीन आणि किती दिवस; काय झालं तर लगेच फोन करायचा; आणि पुन्हा कधी कळवायचं. मग ठरलेल्या वेळी खरोखर कळवा, बरं असलं तरी. ‘ताप उतरला, आज भात खाल्ला’ एवढा मेसेज पुरतो. जे कळवतात त्यांच्याकडे पुढच्या वेळी डॉक्टर लवकर येतात, असा माझा अनुभव आहे.

चहा विचारा, आग्रह करू नका.

पैसे यूपीआयने द्या आणि पावती मागा. साठीच्या पुढच्या ज्या आई-वडिलांचा मेडिक्लेम नाही, त्यांच्या औषधोपचाराच्या खर्चावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ५० हजारांपर्यंत वजावट मिळते. रोख दिलेले पैसे त्यात धरत नाहीत.

डॉक्टरांशिवाय घरी येणारे

रक्त तपासणीवाले सकाळी साडेसहापासून घरी येतात. आदल्या दिवशी नोंदवा आणि उपाशीपोटी लागतं का ते विचारा. फिजिओथेरपिस्ट, ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर, पोर्टेबल ईसीजी हेही मिळतं, बहुधा तुमच्या डॉक्टरांच्या ओळखीतूनच. बाळंतीण घरी आली असेल तर सरकारी योजनेत आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्या आल्या नाहीत तर जवळच्या महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन नाव नोंदवा.

पेठांत राहणाऱ्यांनी कॅलेंडरवर आणखी दोन खुणा कराव्यात. पालख्या पुण्यात असतात ते दिवस आणि अनंत चतुर्दशी. विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. डॉक्टर येऊ शकत नाहीत, तुम्ही बाहेर पडू शकत नाही. त्या आठवड्याची औषधं आधी भरून ठेवा. आई फारच नाजूक असेल तेव्हा मी तिला आदल्या दिवशीच कोथरूडला आणतो. ती कुरकुरते, कारण गॅलरीतून मिरवणूक दिसत नाही.

एका कागदाबद्दल

हे लिहू की नको असं वाटत होतं. पण वडील गेले तेव्हा हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

म्हातारं माणूस घरीच, आजारपणाने गेलं तर मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. हॉस्पिटलमधल्या मृत्यूसाठी नमुना ४, घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४अ. तो शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. स्मशानभूमीचा पास काढताना तो मागतात, आणि पुढे २१ दिवसांच्या आत करायच्या मृत्यूनोंदणीलाही तोच. ज्या डॉक्टरांनी पेशंटला कित्येक महिन्यांत पाहिलेलंच नाही, ते सही करायला कचरतात, आणि बरोबरच आहे. कारण माहीत नसताना ते काय लिहिणार? मग पोलीस, ससून, शवविच्छेदन. आमच्या घरात वडील पहाटे गेले आणि दुपारी दोनपर्यंत आम्ही एका सहीसाठी फिरत होतो. पडून किंवा अपघाताने मृत्यू झाला असेल तर पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे फॅमिली डॉक्टरही काही करू शकत नाहीत.

म्हणून अंथरुणावरच्या माणसासाठी, काही नवीन तक्रार नसली तरी, महिन्या-दीड महिन्यातून एक व्हिजिट ठरवून घ्या आणि प्रत्येक वेळी केसपेपरवर तारीख पडू द्या. आईची पुढची व्हिजिट येत्या बुधवारी दुपारी दीडला आहे. जिन्यातला दिवा गेलाय, तो आज बदलायचाय.